बोली, अक्षर आणि मेंदू : नशिराबादच्या भाषिक परिस्थितीच्या अनुषंगाने एक विवेचन

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या महामार्गावर नशिराबाद हे जुने व मोठ्या वस्तीचे गाव लागते. गावात घरोघरी लेवा बोली चालते. पश्चिमेकडून, धुळे व अमळनेर भागातून, सोयरिकीने वा कामधंद्याने आलेल्या माणसांबरोबर अहिराणी येते. उर्दू बोलणारी कुटुंबे गावात आहेत. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन जवळच असल्यामुळे हिंदीही कानावरून जाते. शाळेत, कचेरीत आणि वर्तमानपत्रात प्रमाण मराठी असते. अशा गावातील साठ-सत्तर वर्षांच्या एखाद्या गृहस्थास अर्धांगवायूचा झटका आला, लोकभाषेत सांगावयाचे तर लकवा झाला, आणि त्यात त्याची वाचा गेली, तर कोणती भाषा गेली असे म्हणावयाचे? आणि ती किती गेली, हे कोणत्या भाषेत मोजावयाचे? हा प्रश्न वैद्यकाचा आहे, तसाच तो भाषाविज्ञानाचाही आहे. मेंदूविषयक संशोधन विद्यापीठात कोणत्या पायावर उभारावे याचा विचारही या प्रश्नापासून सुरू करता येतो.

मेंदू आणि भाषा यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ सामान्यतः १८६१ सालापासून मानला जातो. त्या वर्षी पॅरिस येथील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी एका रोग्याचे शवविच्छेदन केले. हा रोगी अनेक वर्षे ‘तान’ या एका उच्चाराखेरीज जवळजवळ काहीही बोलू शकत नव्हता, परंतु इतरांचे बोलणे त्यास बऱ्याच अंशी कळत असे. त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धाच्या पुढील भागात विकृती आढळली. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी याहून निराळ्या प्रकारचे रोगी वर्णिले. त्यांचे बोलणे अस्खलित असे, पण ते अर्थहीन असे, आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना आकळत नसे. या रोग्यांत विकृती डाव्या अर्धाच्या मागील भागात, कर्णसंवेदनेच्या क्षेत्रालगत होती. मेंदूला इजा झाल्याने उद्भवणाऱ्या अशा भाषिक विकारांना ‘वाचाघात’ ही संज्ञा मराठीत वापरली जाते. आज प्रतिमादर्शनाच्या साधनांमुळे हे चित्र पुष्कळच गुंतागुंतीचे झाले आहे. भाषा दोन ठिकाणी वसलेली नसून ती मेंदूतील विस्तृत जाळ्यांच्या परस्परव्यवहारातून निष्पन्न होते, असे आता मानले जाते. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या शास्त्राची मूळ सामग्री फ्रेंच, जर्मन व पुढे इंग्रजी बोलणाऱ्या रोग्यांपासून मिळाली. त्यातील बहुतेक भाषांना प्रमाण रूप होते व लेखनपरंपरा होती, आणि रोगी एकभाषक असल्याचे गृहीत धरले जात असे. नशिराबादच्या रोग्याच्या बाबतीत यांपैकी एकही गृहीत विनातपास स्वीकारता येत नाही.

प्रथम बोलीचा विचार करू. लेवा बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी सामान्यतः ‘य’ येतो. ‘डोळा’ याचे ‘डोया’, ‘केळी’ याचे ‘केयी’, ‘शाळा’ याचे ‘शाया’ असे रूप होते. ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘मला’च्या ऐवजी ‘मले’ म्हणतात. हे उच्चार अशुद्ध नाहीत. ती त्या बोलीची नियमबद्ध व्यवस्था आहे. आता वाचाघाताच्या चाचणीत रोग्यापुढे डोळ्याचे चित्र ठेवले आणि त्याने ‘डोया’ असे उत्तर दिले, तर परीक्षकाने काय नोंदवावे? वाणीविकारांच्या शास्त्रात ‘ल’, ‘र’ यांसारख्या वर्णांच्या जागी ‘य’ उच्चारणे हा एक परिचित दोष आहे. लहान मुलांच्या सदोष उच्चारांत तो वारंवार आढळतो. वाचाघातातही एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण येणे हे लक्षण मानले जाते. म्हणजे परीक्षकास बोली अवगत नसेल तर रोग्याचा निकोप उच्चार तो विकाराच्या रकान्यात लिहील. शब्दश्रवणाच्या चाचणीतही असाच घोटाळा संभवतो. ‘काया’ हा शब्द प्रमाण मराठीत शरीराचा वाचक आहे, तर लेवा बोलीत त्याच ध्वनिरूपाने ‘काळा’ हा रंग सांगितला जातो. ‘काया’ हा शब्द ऐकून रोग्याने काळ्या वस्तूकडे बोट दाखविले, तर त्याचे आकलन बिघडले आहे की शाबूत आहे?

याच्या उलट बाजूचाही विचार अवश्य आहे. प्रमाण भाषेचाच मापदंड लावला तर खरा दोष नजरेतून निसटण्याचाही संभव असतो. जन्मभर ‘मले’ म्हणणारा मनुष्य आजारानंतर केवळ शाळेत पाठ झालेली प्रमाण वाक्येच बोलू लागला, तर परीक्षकास ती सुधारणा वाटेल. त्याच्या पत्नीच्या दृष्टीने मात्र तो घरचा माणूस अद्याप परत आलेला नसतो. बहुभाषक रोग्यांच्या बाबतीत कोणती भाषा आधी परत येते हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून चर्चिला गेला आहे. थिओड्यूल रिबो यांच्या मते बालपणी प्रथम आत्मसात केलेली भाषा अधिक टिकते. आल्बेर पित्र यांनी १८९५ मध्ये असे प्रतिपादिले की, आजारापूर्वी जी भाषा रोग्याच्या सर्वाधिक परिचयाची होती ती आधी सावरते. पुढील संशोधनात या दोन्ही नियमांना पुष्कळ अपवाद आढळले. कित्येकांच्या सर्व भाषा बरोबरीने सुधारतात, आणि क्वचित एक सुधारत असता दुसरी मागे पडते. म्हणूनच कॅनडातील मिशेल पॅरादी यांनी द्विभाषक वाचाघाताच्या परीक्षणासाठी जी चाचणी सिद्ध केली, तिच्यामागे दोन तत्त्वे आहेत. रोग्याची परीक्षा त्याच्या प्रत्येक भाषेत स्वतंत्रपणे झाली पाहिजे. तसेच एका भाषेतील चाचणी दुसऱ्या भाषेत नुसती भाषांतरित न करता त्या भाषेच्या रचनेस अनुसरून नव्याने बांधली पाहिजे. ही तत्त्वे भाषेपुरती मर्यादित न ठेवता बोलीसही लागू करणे, एवढीच नशिराबादची मागणी आहे.

येथे ‘भाषा’ व ‘बोली’ यांच्या सीमारेषेचा जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे येतो. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक पाहणीत खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात न करता भिल्ल भाषांबरोबर, नवव्या खंडाच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या भागात केली. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीहून निराळी भाषा म्हणून मोजली गेली. तिच्या भाषकांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार असून त्यात अहिराणीचा वाटा फार मोठा आहे. उलटपक्षी लेवा बोली बोलणारा मनुष्य बहुधा आपली मातृभाषा ‘मराठी’ अशीच सांगतो. खानेसुमारीच्या दृष्टीने अहिराणी व मराठी बोलणारा मनुष्य द्विभाषक ठरतो, आणि लेवा व प्रमाण मराठी बोलणारा एकभाषक ठरतो. मेंदूच्या दृष्टीनेही तसेच आहे काय?

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही, हे हैदराबाद येथील संशोधनावरून स्पष्ट होईल. तेथील निजाम वैद्यकीय विज्ञान संस्थेत सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रोग्यांचा अभ्यास करून २०१३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या रोग्यांपैकी ३९१ द्विभाषक होते. एकभाषकांच्या तुलनेने त्यांच्यात रोगाचा प्रादुर्भाव सरासरीने साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे आढळले. परदेशातील तत्सम अभ्यासांवर असा आक्षेप घेतला जात असे की, तेथील द्विभाषक पुष्कळदा स्थलांतरित असतात आणि त्यांचे शिक्षणही निराळे असते. म्हणून फरक भाषेमुळे पडला की अन्य कारणांनी, हे सांगता येत नाही. हैदराबादेत तेलुगू, दख्खनी, हिंदी या भाषा एकाच भूमीत नांदतात, आणि मुख्य म्हणजे निरक्षर रोग्यांतही हा फरक दिसून आला. दोहोंपेक्षा अधिक भाषा येत असल्यास अधिक लाभ होतो, असे मात्र आढळले नाही. याच संशोधकवर्गाने २०१६ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्या अवरुद्ध होऊन झटका आलेल्या ६०८ रोग्यांविषयीचे निष्कर्ष मांडले. झटक्यानंतर ज्यांची आकलनशक्ती अबाधित राहिली त्यांचे प्रमाण द्विभाषकांत ४०.५ टक्के, तर एकभाषकांत १९.६ टक्के होते. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत उल्लेखनीय अंतर नव्हते.

या निष्कर्षांवरून घाईने सिद्धांत बांधणे योग्य नव्हे. अन्य देशांतील काही पाहण्यांत असा लाभ आढळलेला नाही, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही. दोन बोलींच्या वापराविषयी तर पुरावा अधिकच उलटसुलट आहे. सायप्रसमधील ग्रीक बोली व प्रमाण ग्रीक दोन्ही बोलणाऱ्या मुलांत काही लाभ दिसल्याचे संशोधकांनी नोंदविले. स्कॉटलंडमधील बोलीभाषक प्रौढांत तो दिसला नाही. परंतु असे प्रश्न जेथे खऱ्या अर्थाने तपासता येतील अशी भूमी खानदेशाइतकी अनुकूल क्वचितच मिळेल. एकाच तालुक्यात, एकाच आर्थिक स्तरात, एकच बोली बोलणारे, दोन बोली बोलणारे आणि दोन भाषा बोलणारे लोक येथे शेजारी राहतात. भाषांमधील अंतर हळूहळू वाढत जाणारी अशी श्रेणी प्रयोगशाळेत निर्माण करता येत नाही.

बोलीनंतर अक्षराचा विचार क्रमाने येतो. देवनागरी लिपीत व्यंजन व स्वर मिळून ‘अक्षर’ हे एकक सिद्ध होते. परंतु स्वरचिन्हाची जागा आणि उच्चाराचा क्रम यांचा मेळ सर्वत्र नसतो. ‘कि’ या अक्षरात इकाराची वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे लिहिली जाते, उच्चारात मात्र स्वर मागाहून येतो. ज्योत्स्ना वैद व आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदी वाचकांच्या अभ्यासात, असे क्रमविपर्यय असलेले शब्द वाचण्यास अधिक वेळ लागत असल्याचे दाखविले. लिपीची घडण वाचनाच्या मानसिक व्यापारावर आपला ठसा उमटविते, असा याचा अर्थ. लेवाभाषक मुलाच्या बाबतीत येथे आणखी एक पायरी वाढते. तो ‘शाळा’ असे पाहतो आणि त्याच्या घरचा शब्द ‘शाया’ हा असतो. ‘शाळा’ पाहून तो ‘शाया’ म्हणाला तर त्यास वाचता येत नाही असे म्हणता येणार नाही. उलट त्याने अक्षरातून अर्थ बरोबर गाठला आणि तो आपल्या बोलीत सांगितला. वाचनवैकल्याच्या तपासणीत हा भेद न केल्यास धडधाकट मुलाच्या माथी विकाराचा शिक्का बसेल.

वाचन शिकल्याने मेंदूत काय पालट होतो, याविषयीही भारतीय भूमीवर महत्त्वाचे कार्य झाले आहे. लखनौजवळील खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचनलेखन शिकवून, शिक्षणापूर्वी व शिक्षणानंतर चुंबकीय प्रतिमादर्शनाने त्यांच्या मेंदूंची तपासणी करण्यात आली. शिकणारे २१ होते आणि तुलनेसाठी न शिकविलेले ९ होते. मिखाएल श्काइडे, फाल्क ह्यूटिग, रमेश मिश्र आदी संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, दृष्टीशी संबंधित बाह्यक आणि मस्तिष्क स्तंभ व थॅलॅमस यांतील खोलवरची केंद्रे यांच्यामधील मेळ वाचन शिकल्यावर वाढला. साक्षरतेचा परिणाम केवळ मेंदूच्या पृष्ठभागावर होतो ही समजूत त्यामुळे ढिली पडली. प्रौढ वयातही मेंदू किती घडणशील असतो, हेही दिसून आले. अक्षरे शिकल्याने मेंदूतील अन्य दृश्यकौशल्यांची जागा बळकावली जाते, असा एक तर्क पूर्वी मांडला जात असे. त्याच परिसरातील निरक्षर व साक्षर लोकांवर आधारलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्या तर्कास दुजोरा दिला नाही.

नशिराबादप्रमाणेच जळगाव तालुक्यात असलेले आसोदे हे बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव. १८८० मध्ये जन्मलेल्या व १९५१ मध्ये निवर्तलेल्या या कवयित्रीस लिहितावाचता येत नव्हते. शेतात व घरात काम करता करता त्यांनी बोलीत रचलेली गाणी पुत्र सोपानदेव व एका आप्ताने टिपून ठेवली, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आली. त्यांची स्मरणशक्ती निरक्षरतेमुळेच प्रखर होती, असे एकाच उदाहरणावरून म्हणणे शास्त्रीय होणार नाही. परंतु एवढे निश्चित म्हणता येईल की, निरक्षरता म्हणजे भाषिक दारिद्र्य नव्हे. आता चाचण्यांकडे पाहावे. पोर्तुगालमधील अभ्यासांत असे आढळले आहे की, निरोगी निरक्षर व्यक्ती खरे शब्द व्यवस्थित उच्चारून दाखवितात, पण निरर्थक ध्वनिसमूह पाठोपाठ म्हणण्यात, तसेच शब्दातील एखादा वर्ण वगळून उरलेला भाग सांगण्यात कमी पडतात. वर्णाचे पृथक भान हे बऱ्याच अंशी वर्णमूलक लिपीच्या शिक्षणाचे फळ असते. म्हणजे शब्दातील पहिला वर्ण गाळून दाखवा, निरर्थक शब्द म्हणा, दोन परस्परांस छेदणारे पंचकोन काढा, अशा कसोट्या लावल्या तर बहिणाबाईंसारखी प्रतिभावान व्यक्तीही ‘दुर्बल’ ठरण्याचा संभव आहे. हा दोष व्यक्तीचा नसून मापाचा आहे.

मापे बदलता येतात, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. हरियाणातील वल्लभगढ परिसरात वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाची पाहणी करताना मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निरक्षर ग्रामीण हिंदी भाषकांसाठी मनोवस्थेची एक चाचणी प्रसिद्ध केली. मूळ इंग्रजी चाचणीतील प्रश्नांचे शब्दशः भाषांतर न करता, तोच मानसिक व्यापार त्या लोकांच्या जीवनात कोणत्या प्रश्नाने अजमावता येईल, याचा विचार त्यात केला होता. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने आकलनपरीक्षणाचा जो संच तयार झाला, तो प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मलयाळम् या पाच भाषांत सिद्ध करण्यात आला. या पाचांत मराठी नव्हती. मग खानदेशातील बोलींचा प्रश्नच दूर राहिला.

आता विद्यापीठाच्या कर्तव्याकडे वळणे प्राप्त आहे. मेंदूविषयक संशोधन म्हटले की कोट्यवधी रुपयांची यंत्रे डोळ्यांपुढे येतात, आणि प्रादेशिक विद्यापीठाने त्या वाटेस जाऊ नये असा समज होतो. परंतु अलाहाबाद विद्यापीठात २००२ मध्ये वर्तन व बोधविज्ञानाचे जे केंद्र स्थापन झाले, त्यात मानसशास्त्र, भाषाविज्ञान, संगणनशास्त्र अशा भिन्न शाखांचे अभ्यासक एका छपराखाली आले. तेथील कार्यातून हे दिसते की, अशा शास्त्राचा खरा पाया यंत्र हा नसून परस्परांचे प्रश्न समजून घेणारा अभ्यासकांचा समूह हा आहे. खानदेशात असा समूह घडण्यास एक संस्थात्मक अडचण आहे. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले आणि २०१८ पासून ते बहिणाबाईंचे नाव धारण करीत आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. जळगाव व धुळे येथील वैद्यकीय महाविद्यालये मात्र नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे एकाच रोग्याची बोली एका विद्यापीठाच्या अभ्यासाचा विषय, आणि त्याचा मेंदू दुसऱ्याच्या. रोगी एक आहे. विभागणी आपण केली आहे.

ही दरी ओलांडण्यासाठी आरंभी जे कार्य हवे ते भाषाविज्ञानाच्या आवाक्यातील आहे. पहिले कार्य म्हणजे लेवा व अहिराणी या बोलींतील नित्य वापरातील शब्दांची वारंवारितेसह यादी करणे. वाचाघाताच्या चाचणीत कोणता शब्द सोपा व कोणता अवघड, हे शब्दाच्या वापराच्या प्रमाणावरूनच ठरते. दुसरे, चित्रनामनाची सामग्री. निरोगी स्त्रीपुरुषांना चित्रे दाखवून ते कोणकोणती नावे देतात, हे वय, शिक्षण व गाव यांच्या नोंदीसह टिपले पाहिजे, म्हणजे ‘केयी’ हे उत्तर बरोबर की चूक यावर वाद राहणार नाही. तिसरे, वाक्यरचनेच्या कसोट्या. अहिराणीत ‘आहे’च्या जागी ‘शे’ येतो व षष्ठीचे प्रत्यय ‘ना, नी, नं’ असे होतात. प्रमाण मराठीच्या वाक्यांवरून अहिराणी भाषकाचे व्याकरण तपासता येणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण अलीकडे हाती घेतले, त्यातील ध्वनिमुद्रित सामग्री या कामी आधारभूत ठरू शकेल. चौथे, वैद्यक व वाचोपचार यांचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी परिसरातील बोलींचा अल्पसा परिचयपाठ. आंध्र, विदर्भ वा मुंबईहून आलेल्या तरुण डॉक्टरास लेवा बोलीतील ‘ळ’चा ‘य’ होतो एवढे जरी ठाऊक असले, तरी एक चुकीचे निदान टळेल.

या सर्व कार्यात ‘समाज’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक समाज संशोधकांचा, दुसरा बोली बोलणाऱ्यांचा. दुसऱ्यास केवळ सामग्री पुरविणारा मानणे शास्त्रासही घातक आहे. कोणता उच्चार घरचा व कोणता आजाराचा, हे अखेर रोग्याची पत्नी, बहीण वा शेजारी सांगू शकतो. त्यांची साक्ष हे येथे प्रमाण आहे. म्हणून चाचणी सिद्ध करताना गावातील जाणत्या माणसांना परीक्षकाच्या बाजूस बसविले पाहिजे. त्यांना संशोधनाचा हेतू त्यांच्या बोलीत समजावून सांगून संमती घेतली पाहिजे, आणि निष्कर्षही त्यांच्यापर्यंत पोचविले पाहिजेत.

ब्रोका यांच्या रोग्याचा एक उच्चार आज दीड शतकानंतरही शास्त्राच्या ग्रंथांत टिकून आहे. त्याने नुसते ‘तान’ म्हटले, ते एका वैद्याने नीट ऐकले आणि टिपले, म्हणून एक शास्त्र उभे राहिले. नशिराबादच्या रुग्णशय्येवर कोणी ‘डोया’ म्हणेल, तेव्हा तोही शब्द तितक्याच सावधपणे ऐकणारा अभ्यासक जवळ असावा, यासाठी लागणारे ज्ञान आपल्या विद्यापीठांच्या भाषाविभागांत आहे. ते रोग्याच्या खाटेपर्यंत नेण्याचे काम मात्र व्हावयाचे आहे.